एक रात्र, दहा गाळे: जुन्या दोषसिद्धी मोजायच्या कशा?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डाल्टन या शहरात सामान साठवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाळ्यांची एक इमारत होती. १९९७ मधील एका रात्री विल्यम डेल वुडन आणि त्याचे तीन साथीदार त्या इमारतीत शिरले. दोन गाळ्यांमधील भिंती विटांच्या नव्हत्या, जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या होत्या. त्या आतूनच फोडत चौघे एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात सरकत गेले आणि एकूण दहा गाळ्यांतील सामान त्यांनी उचलले. थोड्याच काळात चौघेही पकडले गेले. सरकारी वकिलांनी वुडनवर एकच आरोपपत्र ठेवले, मात्र त्यात प्रत्येक गाळ्यासाठी एक याप्रमाणे घरफोडीचे दहा स्वतंत्र आरोप होते. त्याने दहाही आरोपांत गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी प्रत्येक आरोपासाठी आठ वर्षांची कैद ठोठावली आणि या सर्व शिक्षा एकत्रित, म्हणजे एकाच वेळी, भोगायच्या, असा आदेश दिला. त्यामुळे तुरुंगातील मुक्कामाच्या दृष्टीने गाळा एक होता की दहा, याने वुडनला त्या वेळी काहीच फरक पडला नाही, आणि आरोपांच्या संख्येवरून वाद घालण्याचे त्याला किंवा त्याच्या वकिलाला कारणही नव्हते.

त्यानंतर सतरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मधील एका गारठलेल्या सकाळी, एका पोलीस अधिकाऱ्याने वुडनचे दार ठोठावले. त्याला वुडनच्या पत्नीशी बोलायचे होते. बाहेर थंडी आहे, आत येऊन उभे राहिले तर चालेल का, असे त्याने विचारले आणि वुडनने त्याला आत घेतले. आत आल्यावर अधिकाऱ्याला घरात बंदुका दिसल्या. वुडन पूर्वी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने तिथेच त्याला अटक केली. त्या बंदुकांनी कोणाला धमकावल्याचा किंवा कोणावर गोळी झाडल्याचा हा खटला नव्हता. त्या वुडनच्या ताब्यात होत्या, एवढाच आरोप होता.

हा आरोप मराठी वाचकाला नीट कळायचा असेल, तर आपल्याकडील शस्त्र कायद्याची चौकट क्षणभर बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे १९५९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हाच मुळात गुन्हा आहे. गावठी कट्ट्यासह पकडलेला माणूस सराईत असो वा पहिल्यांदाच सापडलेला, त्याच्यावर कलम ३ आणि २५ लागतेच. अमेरिकेत गृहीतच उलटे आहे. तेथे सर्वसाधारण प्रौढ नागरिकाला बंदूक बाळगण्याचा अधिकार आहे आणि संघराज्याच्या कायद्याने काही वर्गांतील व्यक्तींना त्या अधिकारातून वगळले आहे. त्यातील सर्वांत मोठा वर्ग म्हणजे एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्ती. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली याला येथे महत्त्व नाही. किती होऊ शकली असती, ते पाहिले जाते, आणि म्हणून एक दिवसही तुरुंगात न गेलेला माणूसही या बंदीत सापडू शकतो. (मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग किंवा अनुचित व्यापारी प्रथा यांसारखे गुन्हे मात्र या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे.) संघराज्याच्या दंडसंहितेतील कलम ९२२(जी) ते हेच. या कलमाखाली जुनी दोषसिद्धी ही आरोपीच्या चारित्र्याविषयीची जादा माहिती नसते, ती गुन्ह्याचाच एक घटक असते. शेजाऱ्याच्या कपाटात तीच बंदूक असती, तर अधिकारी तिच्याकडे पाहून निघून गेला असता.

ज्युरीने वुडनला दोषी ठरवले. खरा वाद त्यानंतर, शिक्षेच्या टप्प्यावर सुरू झाला.

त्या वेळी कलम ९२२(जी) च्या भंगासाठी कमाल शिक्षा दहा वर्षांची होती आणि किमान शिक्षा नव्हतीच. जून २०२२ मधील एका दुरुस्तीने ही कमाल मर्यादा पंधरा वर्षांवर गेली, पण वुडनच्या प्रकरणात जुनीच तरतूद लागू होती. या साध्या तरतुदीच्या वर १९८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने, केलेला एक वेगळा कायदा बसतो. त्याच्या नावाचे मराठी ‘सशस्त्र सराईत गुन्हेगार कायदा’ असे करता येईल, आणि आपल्या पोलिसांच्या बोलीतील ‘सराईत’ हा शब्द त्याला नेमका लागू पडतो. आरोपीच्या नावावर हिंसक गुन्ह्यांच्या किंवा गंभीर अमली पदार्थ गुन्ह्यांच्या किमान तीन दोषसिद्धी असतील, आणि ते गुन्हे ‘एकमेकांपासून भिन्न प्रसंगी’ केलेले असतील, तर बंदूक बाळगल्याबद्दल किमान पंधरा वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. दहा वर्षांची जी कमाल मर्यादा होती, तिच्याही पलीकडे किमान मर्यादा जाऊन बसते. न्यायाधीशाला दया आली तरी तो पंधरा वर्षांच्या खाली उतरू शकत नाही. आरोपीने तपासात भरीव मदत केली म्हणून खुद्द सरकार पक्षानेच तसा अर्ज केला, तर गोष्ट वेगळी. संघराज्याच्या तुरुंगांतून पॅरोलची जुनी पद्धतही १९८० च्या दशकातच रद्द झालेली असल्यामुळे, निकालात लिहिलेली वर्षे बहुतांशी खरोखर भोगावी लागतात.

येथे कोणी विचारील की निर्मनुष्य गोदामातील चोरी हा हिंसक गुन्हा कसा ठरतो. उत्तर कायद्याच्या मजकुरातच आहे. जाळपोळ, खंडणी आणि स्फोटकांचा वापर यांच्याबरोबर घरफोडीचे नाव त्या यादीत सरळ घातलेले आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, या यादीसाठी आरोपीने प्रत्यक्षात काय केले हे पाहायचे नसते, तो ज्या कलमाखाली दोषी ठरला त्या कलमाचे घटक पाहायचे असतात. गुन्हा करण्याच्या हेतूने इमारतीत बेकायदा प्रवेश, एवढे घटक जुळले की घरफोडी सिद्ध झाली. आत माणूस होता की नव्हता, कोणाला खरचटले की नाही, हे प्रश्न उरतच नाहीत.

आता हिशेब पाहावा. प्रोबेशन कार्यालयाने न्यायालयासाठी तयार केलेल्या पहिल्या अहवालात वुडनसाठी २१ ते २७ महिन्यांची कैद सुचवली होती. नंतर भूमिका बदलली. १९९७ ची ती रात्र म्हणजे दहा दोषसिद्धी, दहा गाळे म्हणजे दहा प्रसंग, म्हणून वुडन सराईत गुन्हेगार, असे गणित मांडले गेले. जिल्हा न्यायालयाने ते मान्य केले, कारण एका गाळ्यातील चोरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या गाळ्यातील चोरी सुरू होत नव्हती. शिक्षा झाली १८८ महिने, म्हणजे १५ वर्षे ८ महिने. सहाव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या, अपील न्यायालयानेही ती कायम केली. एक माणूस एकाच वेळी दोन गाळ्यांत असू शकत नाही, मग दहांत कसा असेल, हे त्या न्यायालयाचे म्हणणे तर्काला धरून होते. मात्र ते बरोबर असेल, तर ज्या गुन्हेगाराला एकापाठोपाठ एक अशा दोन हालचाली कराव्या लागतात, त्या प्रत्येकाचे प्रसंग वेगळे होतात आणि कायद्यातील ‘भिन्न प्रसंगी’ या शब्दांना फारसे काम उरत नाही.

ते शब्द कायद्यात मुळापासून नव्हते, हे या प्रकरणातील सर्वांत उपयोगी ऐतिहासिक टिपण आहे. १९८४ च्या कायद्यात केवळ तीन दोषसिद्धींची अट होती. एका आरोपीने एका रेस्टॉरंटमध्ये शिरून तेथील सहा ग्राहकांना एकाच वेळी लुटले होते आणि त्याबद्दल त्याच्या नावावर दरोड्याच्या सहा दोषसिद्धी नोंदल्या गेल्या होत्या. पुढे तो बंदुकीसह सापडला तेव्हा आठव्या सर्किटच्या न्यायालयाने त्या सहा दोषसिद्धी सुट्या मोजून त्याला सराईत ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९८७ मध्ये सरकारच्याच सॉलिसिटर जनरलने ही मोजणी चुकीची असल्याचे कबूल केले, आणि १९८८ मध्ये काँग्रेसने ‘एकमेकांपासून भिन्न प्रसंगी’ हे शब्द मजकुरात घातले. म्हणजे एका घटनेतून निघालेल्या अनेक दोषसिद्धींनी माणूस सराईत होत नाही, हे सांगण्यासाठीच ही दुरुस्ती झाली होती.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२२ रोजी ‘वुडन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या प्रकरणाचा निकाल दिला. नऊही न्यायमूर्तींनी वुडनच्या बाजूने कौल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले. सरकारचे म्हणणे असे होते की, ज्या क्षणी एखाद्या गुन्ह्याचे सर्व घटक पूर्ण होतात तो त्या गुन्ह्याचा प्रसंग, आणि क्षण वेगळे असतील तर प्रसंगही वेगळे. केगन यांनी हा युक्तिवाद कायद्याच्या परिभाषेने खोडण्याआधी रोजच्या भाषेने खोडला. बातमीदार, पोलीस किंवा अगदी वकीलसुद्धा या रात्रीचे वर्णन करताना ‘वुडनने एका प्रसंगी दहा गाळे फोडले’ असे म्हणेल, ‘वुडनने दहा प्रसंगी गाळा फोडला’ असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी लग्नाचे उदाहरण दिले. विधी, मद्यपान, जेवण आणि नाच या गोष्टी एकाच क्षणी होत नाहीत, तरी त्या सगळ्या मिळून लग्नाचा एकच प्रसंग होतो. आपल्या वाचकाला अक्षता, पंगत आणि वरात डोळ्यांसमोर आणली तरी हाच मुद्दा पटेल. आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन मात्र थोडे अडचणीचे आहे, आणि ती अडचण केवळ विनोदाची नाही. त्याच निकालपत्रात असेही नोंदवले आहे की, एक दिवस किंवा त्याहून अधिक काळाचे, किंवा जागेचे मोठे अंतर मध्ये असेल, तर न्यायालयांनी ते प्रसंग जवळजवळ नेहमीच वेगळे मानले आहेत.

निकालाने त्यामुळे एकच मोजपट्टी दिली नाही. गुन्हे किती अंतराने घडले, किती जवळच्या जागी घडले, आणि त्यांचे स्वरूप व परस्परसंबंध काय, म्हणजे त्यांमागे एकच बेत होता का, हे सगळे एकत्र पाहायचे. वुडनच्या बाबतीत हे सर्व निकष एकाच दिशेला बोट दाखवत होते. एक इमारत, एक सलग रात्र, एकच पद्धत, आणि पुढच्या गाळ्यात जाण्याचा मार्ग म्हणजे मागच्या गाळ्याची फोडलेली भिंत. निकालपत्रात कायद्याच्या हेतूचीही आठवण दिली आहे. पुन्हा पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्या आणि म्हणून बंदुकीसह विशेष धोकादायक ठरणाऱ्या माणसांसाठी हा कायदा आहे, आणि एका रात्रीत अनेक दारे ओलांडल्याने कोणी तसा होत नाही.

सर्वांचा निष्कर्ष एक असला तरी कारणे एक नव्हती. १९८८ च्या दुरुस्तीच्या इतिहासावर भिस्त ठेवणे न्यायमूर्ती बॅरेट आणि थॉमस यांना मान्य नव्हते. न्यायमूर्ती गोर्सच यांना अनेक निकषांची ही पद्धतच सैल वाटली. पुढची प्रकरणे इतकी स्पष्ट नसतील आणि तेव्हा अस्पष्ट दंडविधानाचा अर्थ आरोपीच्या बाजूने लावण्याचे जुने तत्त्व वापरावे, असे त्यांनी लिहिले. माझ्या मते व्यवहारात त्यांची शंकाच अधिक खरी ठरण्याजोगी आहे, कारण खालच्या न्यायालयांत येणारी बहुतेक प्रकरणे एका इमारतीची आणि एका रात्रीची नसतात.

या प्रकरणातील मला सर्वांत बोलकी वाटणारी विसंगती मात्र निकालाच्या थोडी बाहेर आहे. संघराज्याच्या न्यायालयांत शिक्षा ठरवताना जी मार्गदर्शक तत्त्वे वापरतात, तीही जुन्या दोषसिद्धी मोजतात, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात त्यांचा परिणाम दोनदा होतो. गुन्ह्याची पातळी आणि आरोपीचे गुण जितके जास्त, तितकी सुचवलेली शिक्षा मोठी. हिंसाचाराची किंवा अमली पदार्थांची एक जुनी दोषसिद्धी असेल, तर गुन्ह्याची मूळ पातळी १४ वरून २० वर जाते आणि दोन असतील तर २४ वर. त्याशिवाय एक वर्ष एक महिन्याहून अधिक असलेल्या प्रत्येक जुन्या शिक्षेसाठी आरोपीच्या खात्यात तीन गुण जमा होतात. परंतु मध्ये अटक झालेली नसेल आणि शिक्षा एकाच आरोपपत्रातील गुन्ह्यांसाठी किंवा एकाच दिवशी झालेल्या असतील, तर त्या सर्व मिळून एकच शिक्षा धरायची, असा या तत्त्वांतील स्पष्ट नियम आहे. म्हणजे वुडनचे दहा गाळे या वहीत एकच नोंद होते. फार जुन्या शिक्षा या वहीतून गळूनही जातात. सराईत गुन्हेगार कायद्यात अशी कालमर्यादा नाही, आणि मोजणीचा नियमही वेगळा. एकाच न्यायालयात, एकाच माणसासाठी, एकाच दिवशी, एकाच भूतकाळाची दोन वेगळी उत्तरे काढली जात होती, आणि त्या दोन उत्तरांमध्ये तेरा वर्षांहून अधिक कैदेचे अंतर होते.

जुनी दोषसिद्धी गुन्ह्याचा घटक असली की आणखी एक अडचण उभी राहते. ती सिद्ध करायची तर ज्युरीला सांगावी लागते, आणि सांगितली की ज्युरीचे मन कलुषित होण्याचा धोका असतो. १९९७ मध्येच ‘ओल्ड चीफ’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तोडगा दिला. आपण बंदीच्या वर्गात मोडतो, असे आरोपीने स्वतःच लेखी मान्य केले, तर त्या जुन्या गुन्ह्याचे नाव आणि तपशील सरकार पक्षाने ज्युरीपुढे मांडता कामा नये. २०१९ च्या ‘रेहाइफ’ निकालाने सरकार पक्षावर आणखी एक ओझे टाकले. बंदूक बाळगताना आपण त्या बंदीच्या वर्गात आहोत हे आरोपीला माहीत होते, हेही सिद्ध करावे लागते.

आपल्याकडे हा धोका फार आधी ओळखला गेला आहे. वाढीव शिक्षेसाठी जुन्या दोषसिद्धीचा आधार घ्यायचा असेल तर ती दोषारोपात नमूद करावी लागते, पण सत्र न्यायालयात दोषारोपाचा तो भाग आधी वाचूनच दाखवायचा नसतो. आधी मूळ गुन्ह्याचा निकाल, आणि आरोपी दोषी ठरला तरच जुन्या दोषसिद्धीचा पुरावा, अशी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३६ ची रचना होती. आपल्याकडे ज्युरी राहिलेली नसतानाही न्यायाधीशासाठी ही खबरदारी ठेवलेली आहे.

शस्त्र कायद्यातील तुलनाही उद्बोधक आहे. कलम ९ नुसार हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे अग्निशस्त्र बाळगता येत नाही. अमेरिकेतील संघराज्याच्या बंदीला असा शेवट नाही. नागरी हक्क परत मिळाले, माफी मिळाली किंवा दोषसिद्धीच पुसली गेली, तर ती उठू शकते. आपल्याकडे कलम ३१ नुसार शस्त्र कायद्याखाली एकदा दोषी ठरलेला माणूस त्याच कायद्याखाली पुन्हा दोषी ठरला, तर नंतरच्या गुन्ह्याच्या शिक्षेच्या दुप्पट शिक्षेला तो पात्र होतो. येथे घरफोडीचे कितीही जुने गुन्हे उपयोगी पडत नाहीत, आणि क्रमही महत्त्वाचा आहे, म्हणजे आधी दोषी ठरणे आणि मग पुन्हा दोषी ठरणे. न्यायालयाने एकदा बजावल्यानंतरही माणूस वळला नाही, हा या वाढीमागचा आधार आहे. अमेरिकेच्या कायद्यात तसा क्रम लागत नाही. वेगवेगळ्या तीन रात्री तीन घरे फोडणारा तरुण एकाच दिवशी तिन्हींसाठी दोषी ठरला, तरी तीन प्रसंग भरतात, जरी त्याला मध्ये कोणी एकदाही बजावलेले नसले.

वुडनच्या निकालाने एक प्रश्न उघडाच ठेवला होता. हे प्रसंग मोजायचे कोणी? जुनी दोषसिद्धी झाली होती की नाही, एवढी बाब न्यायाधीश स्वतः ठरवू शकतो, असा १९९८ पासूनचा अपवाद आहे. शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारी इतर प्रत्येक बाब ज्युरीपुढे सिद्ध व्हावी लागते, हे २००० मध्ये ठरले. अंतर, जागा, बेत आणि परस्परसंबंध या गोष्टी दोषसिद्धीच्या दाखल्यावर लिहिलेल्या नसतात. त्यामुळे २१ जून २०२४ रोजी ‘अर्लिंगर’ प्रकरणात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसंग भिन्न होते हे ज्युरीनेच, एकमताने आणि वाजवी शंकेपलीकडे ठरवले पाहिजे. निकालपत्र गोर्सच यांचेच होते. जुने गुन्हे ज्युरीपुढे आल्याने आरोपीचेच नुकसान होईल, ही भीती असेल तर खटला दोन टप्प्यांत चालवता येतो, म्हणजे आधी बंदुकीचा निकाल आणि नंतर प्रसंगांचा. आपल्या कलम २३६ ची आठवण यावी अशीच ही रचना आहे.

बचाव पक्षाच्या वकिलाचे काम या दोन निकालांनी बदलले आहे. पूर्वी शिक्षेच्या सुनावणीत निकालपत्रांच्या प्रमाणित प्रती चाळणे पुरेसे असे. आता वीस-तीस वर्षांपूर्वीच्या रात्री काय घडले, कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, मध्ये आरोपी घरी परतला होता का, हे पुराव्याने उभे करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते, आणि साक्षीदार हयात नसतील किंवा पोलिसांची कागदपत्रे नष्ट झाली असतील, तर ती निभावणे अवघड होते. उलट, जुन्या प्रकरणात गुन्हा कबूल करताना आरोपीने न्यायालयापुढे तारखा आणि ठिकाणे मान्य केली असतील, तर तेच शब्द आज त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकतात. वुडनसारखा माणूस आज कबुली देण्यास उभा राहिला, आणि सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या असल्यामुळे आरोपांच्या संख्येकडे दुर्लक्ष करू लागला, तर त्याच्या वकिलाने त्याला तिथेच थांबवून ते गाळे एकाच रात्री, एकाच बेताने फोडले गेले, हे वाक्य कबुलीच्या नोंदीत घालून घ्यावे लागेल.